पोरगं लायनीवर आलं का?

हळदीच्या सौद्याला आलेला ओळखीचा माणूस आधी दर विचारतो, मग चहा येईपर्यंत हळूच हा विषय काढतो. "दिवाणजी, तुम्ही ते पालकांचं ट्रेनिंग केलं म्हणं. पोरगं आलं का लायनीवर?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मुलगा तेव्हा दहावीला. घरात रोज खडाजंगी. सांगलीत विश्रामबागला असा वर्ग चालतो हे बायकोनं शोधलं आणि नाव घातलं ते माझं! आठ रविवार, दोन-दोन तास. सोळा जणांत पुरुष दोघंच, त्यातला दुसरा तिसऱ्या रविवारनंतर दिसला नाही.

मला वाटलं, भाषणं ऐकायची आणि चहा पिऊन यायचं. पहिल्याच दिवशी बाईंनी मला खुर्चीवर बसवलं. "तुम्ही आता तुमचा मुलगा. आणि या ताई म्हणजे तुम्ही." घरी मी काय बोलतो ते मला आधीच लिहून त्या ताईंना द्यायला लावलं होतं. त्यांनी ते वाचलं. "किती वाजले? कुठं होतास? कोण कोण होतं? फोन का उचलला नाहीस? आईबाप मेले काय तुझे?" एका दमात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडात होतं, पण ते द्यायला जागाच नव्हती. मी मान खाली घालून फरशी बघत बसलो. आमचं पोरगंही अशीच फरशी बघतं.

बाकी बरंच शिकवलं, सगळं सांगत बसत नाही. एक मात्र डोक्यात बसलं. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, झोप तास-दोन तास पुढं सरकते. आणि मी सकाळी साडेपाचला त्याच्या तोंडावर पाणी मारत होतो, माजलाय म्हणून.

घरचा अभ्यासही असायचा. आठवड्यातून एकदा मुलाबरोबर तासभर, काय करायचं ते त्यानं ठरवायचं, आपण उपदेश करायचा नाही. त्यानं भडंग घेतलं आणि आम्ही घाटावर बसलो. चाळीस मिनिटं तो एक शब्द बोलला नाही. आयर्विन पुलावरच्या गाड्या मोजून झाल्या माझ्या. उठताना म्हणाला, "पप्पा, मला सायन्सला जायचं नाही." जीभ चावून गप्प बसलो. हिशेबाच्या वहीत एवढे कष्ट कधी पडले नाहीत.

बाईंनी दक्षिण आफ्रिकेतली गोष्ट सांगितली होती. तिथं ईस्टर्न केप भागात 552 कुटुंबांना घेऊन असाच कार्यक्रम तपासला, 14 सत्रांचा. 2018 साली निष्कर्ष छापून आले. आपला मारझोडीचा हात आवरला, ताणही कमी झाला, असं पालक म्हणाले. मुलांना विचारलं, तर मारझोडीबाबत त्यांच्या उत्तरात तसा ठळक फरक नव्हता. नशा मात्र मुलांमध्येही कमी आढळली. मला ही गोष्ट फार आवडली, कारण आमच्या वर्गात शेवटच्या रविवारी जो तो "मी बदललो", "मी बदलले" म्हणत होता. मीसुद्धा.

म्हणून घरी आल्यावर पोरालाच विचारलं, "काय रे, बदललो का मी?"

त्यानं मोबाईलवरनं मान वर केली. "ओरडायच्या आधी आता दम घेता तुम्ही," म्हणाला. "पण ओरडता तेवढंच."