पाय प्लास्टरमध्ये, खून समोरच्या अंगणात

हिवाळ्यातली कोझी, म्हणजे रक्तपात न दाखवणारी, छोट्या वस्तीत घडणारी रहस्यकादंबरी लिहिताना खुनी कोण आणि त्याने का मारलं हे ठरवणं सगळ्यात सोपं. ते पटकन जमलं, त्यामुळे त्यावर बोलत नाही. अडलं ते मधल्या भागात. नायिकेचा पाय प्लास्टरमध्ये, बाहेर गुडघाभर बर्फ, प्रेत समोरच्या अंगणात. मग तिला काही कळणार कसं? लेखनाच्या मार्गदर्शक पुस्तकांतलं ठरलेलं उत्तर म्हणजे गुप्तहेराने एकेका संशयिताच्या घरी जाऊन बोलायचं. जिला उंबरठाच ओलांडता येत नाही तिच्यासाठी त्यात एक ओळही सापडत नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

मग होतं काय, की सगळे तिच्याकडे येऊ लागतात. शेजारीण येते, बसते, सांगते, जाते. पोस्टमन येतो, बसतो, सांगतो, जातो. अशी सलग तीन प्रकरणं झाली की कादंबरीची चौकशी खिडकी होते.

यातून बाहेर काढलं ते एका तक्त्याने. रकाने पाच: कोण आलं, स्वतःच्या कोणत्या कामासाठी आलं, काय सांगितलं, काय गाळलं, आणि जाताना काय घेऊन गेलं किंवा मागे ठेवलं. ‘विचारपूस करायला’ हे काम धरायचं नाही. नर्स इंजेक्शन द्यायला येते, शेजारी उसनं नेलेलं फावडं परत करायला येतो. प्रत्येकाच्या बोलण्यात एक गोष्ट खरी, एक प्रामाणिकपणे चुकलेली आणि एक मुद्दाम लपवलेली. ही चुकलेली गोष्ट फार कामाची, कारण चकवा तिथूनच तयार होतो आणि त्यासाठी कुणाला खोटारडं करावं लागत नाही.

पाचवा रकाना मात्र कुणी सांगत नाही. बाई घरात बसून माहिती गोळा करते, तशी तिच्याकडून माहिती बाहेरही जाते. ‘काल रात्री दिवा पाहिला’ असं ती नर्सला म्हणाली, की दोन प्रकरणांत ते खुन्याच्या कानावर जायलाच हवं. घरात अडकलेल्या माणसाच्या कथेत ताण येतो तो इथून. वादळ आणि कुलपं नंतर.

दुसरं म्हणजे ऐकीव पुरावा निम्म्याहून जास्त नको. बाकीचा तिने पाहावा, ऐकावा, हाताळावा. इथे बर्फ नीट माहीत असावा लागतो. तापमान शून्याच्या आसपास असेल तर बर्फ ओला असतो, बुटांच्या खाचांत गच्च बसतो आणि पायपुसण्यावर थारोळं करतो. उणे दहाला तो कोरडा असतो, झटकला की पडतो. म्हणजे ओल्या बर्फाच्या दिवशी ‘फाटकापर्यंत गाडीनेच आलो’ म्हणणाऱ्याच्या खाचा टाचेपर्यंत भरलेल्या असतील तर तो बराच चाललेला आहे. हे तिला खुर्चीतून दिसतं. उणे दहाच्या खाली पावलाखाली बर्फ करकरतो, पण ताजा भुसभुशीत थर दूरचे आवाज गिळतो. म्हणून आवाजाचा पुरावा खिडकीखालचा ठेवा, गल्लीच्या टोकाचा नको.

खिडकीचंही तसंच. रात्री खोलीत दिवा असेल तर काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसणार, अंगण नाही. बाहेरचं बघायचं तर दिवा घालवायला हवा, आणि दिवा गेला की समोरच्याला वाटतं ती झोपली. एका बटणात दोन गोष्टी साधतात. काच एकेरी असेल तर कडाक्याच्या थंडीत पहाटे ती आतूनही गोठते. ‘सहा वाजता स्पष्ट दिसलं’ असं तिथे लिहू नका.

पाऊलखुणांवर फार भिस्त ठेवू नये. तासाला दोन सेंटिमीटर बर्फ पडत असेल तर आठ सेंटिमीटर खोल ठसा चारेक तासांत भरत येतो, वारा असेल तर त्याआधीच. उन्हात ठशाच्या कडा वितळून तो मोठा दिसतो, त्यामुळे बुटाचा नंबर शोधण्यात अर्थ नाही. थंडीत प्रेत लवकर गार पडतं आणि ताठरता उशिरा येते. डॉक्टरांनी सांगितलेली मृत्यूची वेळ ऐसपैस राहते. म्हणून खुनाच्या रात्रीचा तासवार हवामान तक्ता आधी बनवावा: तापमान, किती बर्फ पडला, वारा, उजेड. पहिलं प्रकरण लिहिण्याआधीच. नाहीतर अॅलिबी, म्हणजे खुनाच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हा संशयिताचा दावा, दर वाचनात बदलत राहते.

इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या रहस्यकथेच्या दहा नियमांत एक असा की गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. इथे तो पाळणं सोपं, कारण सगळं एकाच खोलीत येतं. परत आलेलं फावडं दाराशी उभं आहे, एवढं एका वाक्यात सांगून पुढे जा. त्या वाक्याभोवती घुटमळलात तर वाचक तिथेच पकडतो.

प्लास्टरविषयी. नडगीचं हाड जुळायला काही महिने लागतात. कथा आठ-दहा दिवसांची असेल तर शेवटी ती उठून धावणार नाही, कितीही मोह झाला तरी. खुन्यालाच तिच्याकडे यावं लागेल, आणि यायचं कारण पाचव्या रकान्यात सापडतं: तिच्या घरी राहिलेली एखादी वस्तू. तीव्र वेदनाशामकांनी गुंगी येते, हेही वापरता येतं. पोलीस तिच्या साक्षीवर विश्वास का ठेवत नाहीत, याचं कारण आयतं मिळतं आणि त्यांना मठ्ठ दाखवावं लागत नाही. ती कायमची व्हीलचेअरवर असेल तर गणित वेगळं. मग खुर्ची ही तात्पुरती अडचण नसते, ती त्या खुर्चीत सराईत असते, आणि तिला अडवतो तो उतारावरचा बर्फ.

मदतनीस दिलात तर त्याला सगळीकडे पाठवू नका. तो सगळं बघून आला की नायक तोच होतो. त्याने वस्तू आणाव्यात, निष्कर्ष नाही.

आणि वादळात वीज घालवणार असाल तर फोन आधी ठरवा. कॉर्डलेस फोन विजेबरोबरच बंद पडतो. तांब्याच्या तारेवरचा जुना साधा फोन एक्स्चेंजच्या विजेवर चालत राहतो. तो कोणत्या खोलीत आहे, आणि तिथवर ती कुबड्यांवर किती वेळात पोचते, हे पहिल्या तीन प्रकरणांतच दाखवून ठेवावं लागतं.