अठरा विती सुतळी

इस्लामच्या सुरुवातीच्या इतिहासावरच्या ट्युटोरियलचे पेपर तपासताना एकच वाक्य पुन्हा पुन्हा समोर येत होतं : 'करबल्याच्या लढाईत हसन आणि हुसेन शहीद झाले.' हे दोघे पैगंबरांचे नातू, अलींचे मुलगे. एका बहाद्दराने तर पैगंबरांनाही त्या वेळी मदिनेत हयात ठेवलं होतं. पैगंबरांचं निधन ६३२ सालचं, करबला ६८० सालचं.

पोरांना काय बोलणार? मीच विषयवार शिकवलं होतं. आधी पाच मूलतत्त्वं, मग खिलाफत म्हणजे पैगंबरांनंतरच्या खलिफांची राजवट, मग राज्यविस्तार, शेवटी शिया-सुन्नी. म्हणजे इजिप्त, इराण, सिंध सगळं जिंकून झाल्यावर वारसाच्या वादासाठी पुन्हा ६३२ सालात उडी. नोट्स काढायला सोयीचं, पण काळाचं पार भरीत झालेलं.

पुढच्या वर्षी वर्गात सुतळी बांधली. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत, एक वीत म्हणजे दहा वर्षं. ५७० च्या सुमाराचा पैगंबरांचा जन्म ते ७५० सालचा उमय्या या खलिफा घराण्याचा पाडाव, अशा अठरा विती. कपड्यांचे चिमटे घरून आणले. नियम एकच ठेवला : आजचं कार्ड लागल्याशिवाय उद्याचं नाव काढायचं नाही.

पहिल्या चार विती जवळपास रिकाम्या. ६१० ला पहिला साक्षात्कार, आणि तिथून गर्दी. ६१५ मध्ये काही अनुयायी हबशांच्या देशात आश्रयाला गेले, ६१९ मध्ये पत्नी खदीजा आणि काका अबू तालिब दोघंही वारले, ६२२ मध्ये हिजरत, म्हणजे मक्केहून मदिनेला स्थलांतर. "मॅडम, काका गेल्यावर तीनच वर्षांत मक्का सोडली?" मागच्या बाकावरून आलं. टोळीत पाठीशी उभं राहणारा वडीलधारा गेला की माणूस किती उघडा पडतो, हे मी दरवर्षी सांगायचे. या वेळी त्यांनी दोन चिमट्यांमधल्या अंतरावरून ओळखलं.

खरी पंचाईत हिजरतीच्या वर्षापासून मोजल्या जाणाऱ्या हिजरी सनाने केली. एका मुलीने ६८० मधून ६२२ वजा केले, ५८ आले. पुस्तकात मात्र करबल्याची तारीख १० मुहर्रम, हिजरी ६१. "पुस्तक चुकलंय." मग सगळा तास त्यातच गेला. हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी कमी. आपण अधिकमास घालून ही तूट भरून काढतो, तिथे तसं करायला कुराणातच मनाई. पोरांनी मोबाइलवर दिवस मोजले. हिजरी सनाची सुरुवात १६ जुलै ६२२, तिथून करबल्याच्या १० ऑक्टोबर ६८० पर्यंत म्हणजे सौर हिशेबाने अठ्ठावन्न वर्षं आणि वर जेमतेम तीन महिने. त्यातच साठ चांद्र वर्षं पुरी होऊन एकसष्टावं लागलेलं. एकाच्या घरी मोडी कागद आहेत. त्याला एकदम पत्रांतल्या 'छ १० मोहरम'चा, म्हणजे मोहरमच्या दहाव्या चांद्र तारखेचा, उलगडा झाला. हे माझ्या पोर्शनमध्ये नव्हतं, पण असा तास रोज मिळत नाही.

क्रम लावला की वाद मिटतात, असं मला वाटत होतं. ते ६३२ च्या मार्चपाशी संपलं. गदीर खुम्म इथे पैगंबरांनी आपले जावई अली यांच्याविषयी जाहीर उद्गार काढले, हे दोन्ही पंथांना मान्य. शिया त्याला वारसाची नेमणूक मानतात, सुन्नी तसं मानत नाहीत. कार्ड लावावं तर एकाची बाजू घेतल्यासारखं, न लावावं तर दुसऱ्याची. शेवटी समोर फक्त घटना लिहिली, मागे दोन्ही अर्थ. कार्ड उलटायला मुलांनी अशी झुंबड केली की सुतळी तुटली.

पुढे अबू बक्र, उमर या पहिल्या दोन खलिफांच्या काळातल्या मोहिमा मी भराभर उरकल्या. लढायांची यादी कुठल्याही गाइडात मिळते. ६५६ ते ६६१ मात्र सोडवेना. अर्ध्या वितीत पाच कार्डं : तिसरे खलिफा उस्मान यांची हत्या, जमलची लढाई, सिफ्फीनची लढाई, नहरवानची लढाई, चौथे खलिफा अली यांची हत्या. चिमटे एकमेकांवर चढले. जमलला एका बाजूला पैगंबरांच्या पत्नी आयेशा, दुसऱ्या बाजूला पैगंबरांचेच जावई अली. वर्ग इतका गप्प मी क्वचितच पाहिलाय.

हसन यांचं कार्ड लावायला आला तो मुलगा, ज्याच्या गावात ताबूत बसतात. हसन ६७० च्या सुमारास मदिनेतच वारले, करबल्याच्या दहा वर्षं आधी, हे वाचून तो थबकला. "आमच्याकडे दोघांची नावं कायम जोडीनंच घेतात, मॅडम." मग त्याने हुसेन यांचं कार्डही माझ्या हातातून घेतलं, ६८० वर लावलं आणि मधल्या सुतळीवर पंजा पसरून पाहिला. बरोबर एक वीत.