सवाचचा विवाहदाखला आणि साक्षीदारांचा रकाना

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात लग्न करून त्याचा दाखला भारतात वापरणार असाल, तर वधूवरांना स्वतःच विवाह संपन्न करू देणाऱ्या, तेथील विवाहकायद्यातील १४-२-१०९ या कलमाची छापील प्रत जवळ असू द्या. या एका कलमासाठी मी बँकेच्या ज्या पायऱ्या झिजवल्या, त्यांचा राग अजून गेलेला नाही.

सॅन लुईस खोऱ्याच्या उत्तर टोकाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ७,७०० फुटांवर असलेले सवाच हे जेमतेम पाचशे वस्तीचे गाव त्याच नावाच्या काउंटीचे, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाचे, मुख्य ठिकाण आहे. पाऊस इतका तुटपुंजा की गुरांची कुरणे आणि वैरणीची शेते डोंगरातील बर्फाच्या पाण्यावरच तगतात. गावाचे साप्ताहिक लायनोटाइप या शिशाच्या ओळी ओतणाऱ्या जुन्या छपाईयंत्रावर जुळवले जाते, हे ऐकून माझ्या नवऱ्याला लग्नापेक्षा त्याचेच कौतुक अधिक वाटले. कोलोरॅडोत विवाहाचा परवाना कोणत्याही काउंटीतून काढता येतो, तेथील रहिवासी असण्याची अट नाही आणि प्रतीक्षाकाळही नाही. त्यामुळे पासपोर्ट दाखवून व ३० डॉलर भरून तो आम्हाला सवाचमध्ये विनासायास मिळाला.

अडचण आली ती पुण्यात. गृहकर्जासाठी सहअर्जदार म्हणून माझे नाव देताना एका बँकेने दाखल्यावर त्रुटी काढली : साक्षीदारांच्या सह्या नाहीत, विधी लावणाऱ्याचेही नाव नाही. कोलोरॅडोत वधूवर स्वतःच विवाह संपन्न करू शकतात आणि साक्षीदारांची सक्ती नाही, हे मी सांगितले, तेव्हा टेबलावरील गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, साक्षीदारच नाहीत, तर लग्न झालं कशावरून?" आपल्याकडे विशेष विवाह कायद्याखाली तीन साक्षीदार लागतात, म्हणून त्यांची शंका मी समजू शकते, परंतु राज्याची राजधानी डेन्व्हरहून आणलेले अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून आंतरराष्ट्रीय कराराखाली मिळणारे सरकारी प्रमाणपत्र) समोर असताना, आणि भारत २००५ पासून त्या करारात असताना, "हा कागद आमच्या यादीत नाही" असे सांगून प्रकरण पुन्हा पुन्हा परत पाठवणे मला आजही समजत नाही. त्यावर "साक्षीदारांच्या सह्या आता घेऊन जोडा" असाही सल्ला मिळाला, म्हणजे नोंदलेल्या दाखल्यात मीच भर घालावी! शेवटी मी हुज्जत सोडून कलमाची प्रत व लेखी अर्ज देऊन प्रकरण बँकेच्या पॅनेलवरील वकिलांकडे पाठवण्याचा आग्रह धरला. त्यांनी कलम वाचले, दाखला ग्राह्य असल्याचा अभिप्राय दिला, आणि मला आनंदापेक्षा विजयाचीच भावना अधिक झाली. तेव्हा तोंडी समजावण्यात वेळ घालवू नका. अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

आणखी एक राहिलेच : परवाना ३५ दिवसांत वापरावा लागतो आणि सह्या करून विवाहानंतर ६३ दिवसांच्या आत काउंटीकडे परत द्यावा लागतो. नोंद झाल्यावर प्रमाणित प्रती जास्तीच्या मागवाव्यात, कारण अपॉस्टिल प्रमाणित प्रतीवर मिळते, साध्या झेरॉक्सवर नाही.