लॉकिंग वायरची वेणी आणि माझा एक संध्याकाळभराचा घाम

गावाकडे सगळ्यांना वाटतं मी विमान दुरुस्त करतो. मावशीने तर परवा एका लग्नात जाहीरच केलं की आमचा पोरगा विमानाचं इंजिन खोलतो म्हणून. खरं सांगू का, नागपूरच्या हँगरमध्ये ट्रेनी म्हणून लागल्यापासून पहिले तीन महिने मी फक्त स्क्रू मोजले. सी चेकला, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या तपासणीला आलेल्या एअरबस ३२० विमानाचे पॅनल उघडायचे, प्रत्येक पॅनलचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर पॅनलचा नंबर, आणि त्यात लांब-आखूड असे दोन प्रकार निघाले तर कुठला स्क्रू कुठल्या भोकातला तेही लिहून ठेवायचं. बाकी मग ग्रीस पुसणं, टूल आणून देणं, आणि मे महिन्यात पत्र्याखाली उकडून निघणं. स्कायड्रॉल, म्हणजे विमानाचं हायड्रॉलिक तेल, हाताला लागलं आणि चुकून तोच हात मानेवर फिरवला तर जी आग होते ती वेगळीच, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

स्क्रूचा एवढा बाऊ कशाला असं मलाही वाटायचं. मग ह्युमन फॅक्टर्सच्या पेपरला (माणसाकडून चुका कशा होतात तो विषय, पासिंग ७५ टक्के, हसू नका) १९९० ची ब्रिटिश एअरवेजची केस वाचली. विंडस्क्रीन बदलताना माणसाने जुना बोल्ट हातात धरून नुसत्या नजरेने नवीन जुळवले, ९० पैकी ८४ बोल्ट साधारण ०.६६ मिलिमीटरने बारीक निघाले. वर गेल्यावर काच उडाली, कॅप्टन अर्धा बाहेर, क्रूने त्याला धरून ठेवलं. वाचला तो. तेव्हापासून पिशवीवर नंबर घालताना मी दोनदा बघतो.

चौथ्या महिन्यात लॉकिंग वायर हातात आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बोल्ट व्हायब्रेशनने ढिला होऊ नये म्हणून दोन बोल्टच्या डोक्यांतून बारीक स्टीलची तार ओवून पिळतात, आणि ती अशी ओढलेली पाहिजे की बोल्ट सुटायला गेला तर तार त्याला उलट आवळेल. ०.०३२ इंच जाडीची तार असेल तर इंचाला ६ ते ८ पीळ. ताईची वेणी बघितलीये ना, पीळ सैल पडला की लगेच दिसतो, अगदी तसंच. माझ्या पहिल्या पाच वेण्या सरांनी एक शब्द न बोलता कटरने कापल्या. सहावीला म्हणाले, "चालते."

त्या चालतेच्या आनंदात मी गेल्या आठवड्यात व्हील वेलमध्ये, म्हणजे चाकं आत जातात त्या खोबणीत, वायर केली, शेवटचं टोक कापलं आणि टिंग आवाज आला. तुकडा उडाला. असेल दीड सेंटिमीटर. कुठे गेला काही दिसलं नाही.

इथे मी साधारण दोन मिनिटं काहीच बोललो नाही, हे लिहायला लाज वाटते पण लिहितोय. शिफ्ट संपत आलेली, गाडीची वेळ झालेली, आणि डोक्यात एकच की एवढासा तर तुकडा. मग आठवलं की या कामावर सही सरांची जाणार, माझी नाही, मला सहीचा अधिकारच नाही. गेलो आणि सांगितलं.

सर ओरडतील वाटलेलं, ते ओरडले नाहीत, टॉर्च घेऊन आले. पाऊण तास आम्ही दोघं त्या व्हील वेलमध्ये वाकून, आरसा लावून, हायड्रॉलिकच्या पाइपांमागे बोटं घालून शोधतोय. मी हुशारी करून मॅग्नेट घेऊन आलो तर सर म्हणाले, "अरे ही स्टेनलेसची तार आहे, याले चिकटते का ते?" शेवटी मी घाम पुसायला बाही खाली केली आणि दुमडलेल्या बाहीतून तुकडा खाली फरशीवर पडला.

सरांनी तो उचलला, कापलेल्या टोकाशी लावून बघितला, स्क्रॅपच्या डब्यात टाकला. मग विचारलं, "कापताना दुसरा हात कुठं होता तुहा?"

बोल्टवर होता. तुकड्यावर ओंजळ धरायची हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

त्यांनी माझी ती वेणीपण कापली. "कर पुन्हा," म्हणाले, आणि चहा सांगायला गेले. गाडी गेली ती गेलीच.