तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रेट्स्की सोडून यागर का?

आइस हॉकी बघतो हे कळलं की आपली मंडळी हमखास विचारतात, "आवडता खेळाडू कोण?" चेक खेळाडू यारोमीर यागर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "ग्रेट्स्की का नाही?" ऐकलेलं नाव तेवढंच असतं, त्यांचंही बरोबर आहे.

ग्रेट्स्की मोठाच. एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हॉकी लीगमध्ये त्याचे 2857 गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून), यागर 1921 वर दुसरा. वाद तिथेच मिटला. पण मी यागर बघायचो तो कोपऱ्यातल्या खेळासाठी.

बोर्डाच्या, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतीच्या कडेला पक (खेळातली रबरी चकती) मिळाला की हा बचावपटूकडे चक्क पाठ करायचा. पाय फाकवून, गुडघ्यात वाकून, बूड मागे काढून उभा! पक लांबलचक स्टिकच्या टोकाला, मागच्याचा हात पोचणार नाही असा. त्याने रेटलं की त्याच रेट्यावर गिरकी घेऊन यागर गोलकडे वळायचा. मागून स्टिक अडकवावी तर पेनल्टी, म्हणजे बचावपटू दोन मिनिटं बाहेर. फॉरवर्डची एक शिफ्ट, म्हणजे बदली होईपर्यंत बर्फावरची एक पाळी, जेमतेम पाऊण मिनिटाची. त्यातला निम्मा वेळ असा गेला की समोरचे धापा टाकायला लागतात. स्कोअरबोर्डवर याची नोंद कुठेच होत नाही.

वेग वयाबरोबर जातो, कमरेतली ताकद राखता येते. त्यासाठी हा गडी रात्री उशिरा रिकाम्या रिंकवर वजनाचं जॅकेट चढवून स्केटिंग करायचा. 2015-16 च्या मोसमात एनएचएलच्या फ्लोरिडा पँथर्स संघात सर्वाधिक 66 गुण त्याचेच, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. लाइनमधले, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या तीन फॉरवर्डांमधले, त्याचे जोडीदार बार्कोव्ह आणि ह्यूबर्डो जन्मायच्या आधीच पिट्सबर्ग संघाबरोबरचे त्याचे दोन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं (1991 आणि 1992), जिंकून झाले होते.

मधली तीन वर्षं तो रशियात ओम्स्कला खेळला. ती एनएचएलमध्ये गेली असती तर आकडा कुठे गेला असता, हा हिशेब मी मुद्दाम करत नाही. 2011 मध्ये परतला तो पिट्सबर्गच्या कट्टर प्रतिस्पर्धी फिलाडेल्फियाकडे, म्हणून पिट्सबर्गकरांनी त्याची यथेच्छ हुर्यो उडवली. त्याच पिट्सबर्गने फेब्रुवारी 2024 मध्ये त्याचा जर्सीवरचा 68 नंबर समारंभाने निवृत्त केला, म्हणजे तो आता तिथे दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. हा नंबर 1968 चा, सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले त्या वर्षाचा. त्याचे आजोबाही त्याच साली वारले. निवृत्त झाला तो नंबरच. बावन्न वर्षांचा यागर तेव्हाही चेक प्रजासत्ताकातल्या क्लाद्नोकडून, म्हणजे स्वतःच्याच मालकीच्या क्लबकडून खेळत होता.