कोपराचं ऑपरेशन आणि त्यानंतरचा हात : माझा अनुभव

जुलैच्या पावसात पर्वतीच्या पायऱ्या उतरताना पाय घसरला आणि सगळं अंग उजव्या कोपरावर आलं. एक्स-रे झाल्यावर डॉक्टरांनी सीटी स्कॅनही करायला सांगितला. दंडाच्या हाडाचं खालचं टोक सांध्यातच उभं चिरलं होतं आणि दोन्ही तुकडे वरच्या हाडापासून सुटले होते.

प्लास्टर नाही का चालणार, हा माझा पहिला प्रश्न. डॉक्टर म्हणाले, "असे तुकडे प्लास्टरमध्ये जागेवर राहत नाहीत. शिवाय कोपर फार दिवस बांधून ठेवलं की आखडतं. प्लेट घट्ट बसली तर लगेच हलवता येईल, म्हणून ऑपरेशन."

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. सांध्यापर्यंत मागून पोचायचं, तर टेबलावर टेकतो ते कोपराचं टोक आधी कापायचं. तुकडे जुळवून दोन्ही बाजूंना एकेक प्लेट लावायची आणि शेवटी ते कापलेलं टोक तारेने पुन्हा बांधायचं. एक हाड जोडायला दुसरं चांगलं हाड कापायचं, हे ऐकून मी हादरलेच. पण सांध्याचा पृष्ठभाग पूर्ण दिसला नाही तर तो नीट जुळणार कसा? चित्रामुळे ते पटलं. कोपर आपटल्यावर झिणझिण्या आणणारी नस तिथूनच जाते, त्यामुळे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काही काळ बधिर राहू शकतं, हेही त्यांनी आधीच सांगितलं. तसं झालंही, पण माहीत असल्यामुळे मी घाबरले नाही.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन झालं. त्याबद्दल मला सांगण्यासारखं फारसं नाही. मेडिक्लेम असेल तर प्लेट-स्क्रूंचे स्टिकर फाइलमध्ये आणि बिलासोबत लावलेले आहेत ना, हे डिस्चार्जपूर्वी घरच्या कुणीतरी बघावं.

खरा कस लागला तो त्यानंतर. टाके काढायच्या आधीच फिजिओताईंनी हात हलवायला लावला. उताणं झोपायचं, दंड छताकडे सरळ धरायचा आणि हाताच्या वजनानेच कोपर हळूहळू वाकू द्यायचं. मग डाव्या हाताचा हलका आधार देऊन सरळ करायचं. दिवसातून अनेकदा, थोडं थोडं. दुखायचं, रडूही यायचं. हाड जुळेपर्यंत त्या हाताने काही उचलायचं नाही आणि खुर्चीतून उठताना त्यावर भारही द्यायचा नाही.

घरी सासूबाई तेल गरम करून बसल्या होत्या. शेजारच्या काकूंनी मालिश करून हात "मोकळा" करणाऱ्याचा नंबर आणला. दोघींची माया मला कळत होती, तरी मी हात लावू दिला नाही. कोपराला जोराने चोळलं किंवा ओढलं तर आजूबाजूच्या स्नायूंत नवं हाड तयार होऊ शकतं आणि सांधा कायमचा अडकू शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढच्या भेटीला मी सासूबाईंना सोबत नेलं. त्यांनी स्वतः ऐकलं आणि तेव्हापासून व्यायामाची वेळ त्याच सांभाळू लागल्या. ज्यांच्या घरी असं दुखणं आलं असेल त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: कुणालाही कोपर चोळू देऊ नका.

गणपतीत मोदकाला कळ्या पाडता आल्या नाहीत, घास मात्र तोंडापर्यंत पोचू लागला होता. दिवाळीत माझी वेणी मी घातली. फिजिओताईंच्या मोजपट्टीवर कोपर आता साधारण २० अंशांपासून १३० अंशांपर्यंत जातं (हात पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश). रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंश पुरतात, असं त्या म्हणतात, आणि स्वयंपाकघरात मला त्याचा प्रत्यय येतो. हात पूर्ण सरळ होत नाही. कदाचित होणारही नाही.

त्रास नसेल तर प्लेट काढायची गरज नाही. मागची तार मात्र कातडीखाली टोचते, कोपर टेकवून लिहिता येत नाही. हाड पक्कं जुळल्याचं पुढच्या एक-दोन एक्स-रेंत दिसलं की ती काढायची का ते ठरेल.