तंबोरा मध्येच तुटतो: प्लेयरवर मैफल ऐकण्याचा माझा अनुभव

बाबांच्या शास्त्रीय संगीताच्या सीडी एका छोट्या प्लेयरवर घालून द्यायच्या, एवढंच काम होतं. मोबाइल त्यांना नको. ख्याल रंगात आला की नेमका कुठल्यातरी बँकेचा फोन येतो म्हणतात. यूएसबीला लागणारा डीव्हीडी ड्राइव्ह आणला, सीडी एमपी३ करून घेतल्या, प्लेयर ऑनलाइन मागवला. इथपर्यंत सगळं सुरळीत.

मैफलीच्या बऱ्याच सीडींवर गाणं सलग असतं, पण पुढेमागे जाता यावं म्हणून त्याचे ट्रॅक पाडलेले असतात. सीडी प्लेयरवर हे कळतही नाही. या नव्या यंत्रावर मात्र विलंबित एकताल चाललाय, मुखडा उचललाय, आता सम (तालाची पहिली मात्रा) येणार, आणि सगळं ठार बंद! क्षणभराने तंबोरा पुन्हा सुरू, पण तोवर सम निघून गेलेली. बाबांनी आधी इयरफोनची वायर हलवून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं, फॅक्टरी रिसेट करा. केलं. मग म्हणाले, कार्ड फॉरमॅट करा. म्हणजे सगळी गाणी पुन्हा भरा. तेही केलं. त्यानंतर इक्वलायझर बंद करायला सांगितलं. शेवटी फोनवर एक मुलगा भेटला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, दोन गाण्यांच्या मध्ये गॅप असणारच ना?" त्याला एकच राग दोन ट्रॅकमध्ये असू शकतो हे समजावताना माझा आवाज चढला. पण त्याचा तरी काय दोष? हे यंत्र करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चार-पाच मिनिटांची सुटी गाणीच होती.

मग स्वतःच शोधाशोध केली. एमपी३मध्ये आवाज ठरावीक मापाच्या फ्रेममध्ये भरला जातो. एका फ्रेममध्ये १,१५२ नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मापं), म्हणजे सीडीच्या हिशेबाने साधारण २६ मिलिसेकंद. ट्रॅकची शेवटची फ्रेम पूर्ण भरली नाही तर उरलेल्या जागेत शांतता भरतात. सुरुवातीलाही एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारा प्रोग्राम, थोडी शांतता घालतोच. लेमसारखा एन्कोडर 'इतकं कापून टाक' अशी नोंद फाइलमध्ये करून ठेवतो, पण प्लेयरने ती वाचायला हवी. आयपॉड २००१ साली आला, त्यालाही न तुटता वाजवण्याची ही सोय २००६मध्ये मिळाली.

पण अशा काही मिलिसेकंदांनी सम चुकत नाही. म्हणून त्याच सीडी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात, उतरवल्या. फ्लॅकमध्ये नमुने मोजून जेवढे होते तेवढेच राहतात, वाढीव शांतता नसते. तरी खंड पडलाच! म्हणजे मोठा दोष प्लेयरचा. एक फाइल संपली की तो आवाज बंद करायचा, पुढची उघडायची आणि मग नव्याने सुरू करायचा. तुम्हालाही खंड ऐकू येत असेल तर आधी हीच परीक्षा करा. फ्लॅकवर तो गेला तर दोष एमपी३चा, राहिला तर यंत्राचा.

उपाय एकच निघाला, पूर्ण मैफल एका फाइलमध्ये. तयार एमपी३ एकमेकांना जोडून उपयोग नाही, मधली शांतता आतच राहते. सीडीवरून सगळे ट्रॅक वेव्हमध्ये (न दाबलेल्या मूळ आवाजाच्या फाइलमध्ये) घ्यायचे, ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये एकापुढे एक लावायचे आणि मग एकच फाइल बाहेर काढायची. सत्तर मिनिटांची वेव्ह सुमारे ७४० एमबी होते, ३२० केबीपीएसची एमपी३ १६८ एमबी. फ्लॅक या दोन्हींच्या मध्ये बसते. द्रुत सुरू होतो तिथे तबला न थांबता पुढे गेला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन आईलाही इयरफोन लावला. तिला काहीच वेगळं वाटलं नाही, म्हणजे काम झालं होतं.

लांब फाइलचे त्रास वेगळे. प्लेयर बंद केला की कुठे होतो ते हा विसरतो, त्यामुळे विकत घेताना रिझ्यूम, म्हणजे थांबलं तिथूनच पुढे वाजवण्याची सोय, आहे का ते बघा. एमपी३ करणार असाल तर बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) स्थिर ठेवा. बदलता ठेवला की आमचा प्लेयर वेळ चुकीची दाखवतो आणि पुढे ढकलताना भलतीकडे जातो.

हो, नावांचं राहिलंच. देवनागरी नावांचे काही ठिकाणी चौकोन दिसले, तर काही ठिकाणी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसली. मी वैतागून सगळी नावं रोमनमध्ये केली. आकडे ०१, ०२ असे घाला, नाहीतर १ नंतर थेट १० वाजतो. कार्ड ३२ जीबीच्या वरचं घेतलंत तर ते बहुधा एक्सफॅट या वेगळ्या फॉरमॅटमध्ये येतं आणि काही स्वस्त प्लेयरना ते दिसतच नाही.

खोक्यावर '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ' असे आवाजाच्या दर्जाचे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. गॅपलेस, म्हणजे ट्रॅकच्या मध्ये न तुटता वाजवणारा, आहे की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. त्यामुळे पुढचा प्लेयर मी दुकानात जाऊनच घेणार. सलग मैफलीचे दोन ट्रॅक फ्लॅकमध्ये घातलेलं कार्ड खिशात असेल, आणि ते तिथेच वाजवून ऐकल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.